पाच दिवस पाण्यावर : आमच्या गटाची लक्षद्वीपची सफर

(रेडिओवर झालेल्या गप्पांचा मजकूर)

स्वयंपाक आटोपला असेल, भांडी व्हायची असतील. असू द्या. पाट घ्या नि बसा. आज आम्ही तुम्हाला एका गाडीच्या नावाची गोष्ट सांगणार आहोत.

भुसावळ जंक्शनवर जाणं-येणं असणाऱ्या सगळ्यांनी ही गाडी पाहिली आहे. दिल्लीच्या हजरत निजामुद्दीनहून निघते, खंडव्याकडून आपल्या फलाटावर येते, मग जळगाव, मनमाड, नाशिक, कल्याण करत कोकणात उतरते आणि थेट केरळातल्या एर्नाकुलमला जाऊन थांबते. मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस. लेकीकडे नाशिकला जाताना आमच्यातल्या कितीजणी या गाडीत बसल्या असतील! पण पाटीवरचं ते दुसरं नाव कशाचं, हे कुणी विचारलं नव्हतं. विचारलं ते गटातल्या एका मावशीच्या नातीने. पाचवीत आहे ती. बैठक चालू असताना म्हणाली, "आजी, लक्षद्वीप तर समुद्रात आहे. गाडी समुद्रात जाते का?"

गाडी समुद्रात जात नाही. एर्नाकुलमला तिचे रूळ संपतात. तिथून पुढे जहाज लागतं. त्या एका प्रश्नामुळे आम्ही तीन वर्षांनी त्या जहाजात बसलो. आम्ही म्हणजे बचत गटातल्या अकराजणी. बारावी का आली नाही, तेही सांगू. खरं तर आजचं बोलणं तिच्यासाठीच आहे.

ही बेटं आहेत कुठे?

केरळच्या किनाऱ्यापासून पश्चिमेला, अरबी समुद्रात, साधारण 220 ते 440 किलोमीटरवर ही बेटं पसरली आहेत. भुसावळहून मुंबई जेवढी लांब, तेवढं सर्वांत लांबचं बेट. फरक इतकाच, की मध्ये एकही स्टेशन नाही, चहावाला नाही, झाड नाही. नुसतं पाणी.

एकूण 36 बेटं धरतात, त्यांतल्या 10 बेटांवर वस्ती आहे. सगळ्या बेटांची जमीन एकत्र केली तर 32 चौरस किलोमीटर. म्हणजे आपल्याकडच्या चार-पाच गावांचं शिवार. लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत सुमारे 64 हजार, म्हणजे एकट्या भुसावळ शहराच्या निम्म्याहूनही कमी. 1956 साली हा केंद्रशासित प्रदेश झाला, आणि 1973 साली त्याला लक्षद्वीप हे नाव मिळालं. राजधानी कवरत्ती. बहुतेक बेटांवर मल्याळम बोलतात. दक्षिणेच्या मिनिकॉय बेटावर मात्र वेगळी भाषा आहे, मालदीवच्या भाषेची बहीण.

पर्यटकांना तिथे नेणारी सरकारी संस्था आहे, तिचं छोटं नाव 'स्पोर्ट्स'. कोचीच्या विलिंग्डन बेटावर तिचं कार्यालय आहे. तिच्या सफरींमध्ये 'समुद्रम्' नावाची पाच दिवसांची सफर आहे. कोचीहून जहाज सुटतं. रात्री प्रवास, दिवसा एक बेट. कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय अशी तीन बेटं बघायची, संध्याकाळी पुन्हा जहाजावर झोपायला. पाचव्या दिवशी कोची. बेटावर मुक्काम नाही, त्यामुळे सामान रोज उचलावं लागत नाही. आमच्यासारख्या गुडघे दुखणाऱ्या बायांना हे फार सोयीचं.

पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, तेव्हा ही सफर बंद असते. इतर महिन्यांतही जहाजांचं वेळापत्रक बदलतं, दरही बदलतात. म्हणून आम्ही इथे दर सांगत नाही. ज्यांना जायचं असेल त्यांनी त्या-त्या वर्षीचे दर आणि तारखा आधी विचारून घ्याव्यात, आणि मगच रेल्वेचं तिकीट काढावं. उलटं करू नये.

पैसा कसा जमवला?

पहिल्या बैठकीत सगळ्याजणी हसल्या. हतनूरच्या धरणापेक्षा मोठं पाणी आमच्यातल्या आठजणींनी बघितलेलं नव्हतं. दुसऱ्या बैठकीत हिशेब मांडला. तिसऱ्या बैठकीत ठराव लिहिला. तोच सांगतो, कारण हा भाग तुमच्या कामाचा आहे.

पहिला नियम : गटाच्या मूळ बचतीला हात लावायचा नाही. त्या पैशातून बी-बियाणं, शाळेची फी, दवाखाना चालतो. सहलीची पेटी वेगळी, वही वेगळी.

दुसरा नियम : सहलीसाठी कर्ज काढायचं नाही, गटातूनही नाही आणि बाहेरूनही नाही. दर महिन्याला प्रत्येकीने 500 रुपये टाकायचे. तीन वर्षांत एकीचे 18,000 झाले. कमी पडले ते केळीच्या वेफरच्या आणि बिबड्यांच्या हंगामी कामातून भरून काढले.

तिसरा नियम, आणि हा सर्वांत उपयोगी पडला : ऐनवेळी कुणाला जाता आलं नाही, तर तिचा पेटीतला पैसा पूर्ण परत. कुणी तिला बोल लावायचा नाही. हे आधी लिहून ठेवलं होतं म्हणून पुढे भांडण झालं नाही.

कागद, आणि आमची बारावी

लक्षद्वीपला कुणालाही सहज उठून जाता येत नाही. तिथले मूळ रहिवासी अनुसूचित जमातीत मोडतात. जमीन थोडी, पाणी थोडं, माणसं थोडी. बाहेरून लोंढा आला तर त्यांचं काय उरेल? म्हणून बाहेरच्या माणसाला प्रवेशाचा परवाना लागतो. हा नियम 1967 पासूनचा आहे. आम्हाला तो जाचक वाटला नाही. आपल्या सातपुड्यातल्या पाड्यांवर कुणी बाहेरचा येऊन जमीन घेऊ लागला, तर आपल्यालाही असाच नियम हवा असतो.

परवान्यासाठी ओळखपत्र, फोटो, अर्ज आणि पोलिसांचा चारित्र्याचा दाखला लागला. त्या सगळ्या कागदांवर नाव एकच पाहिजे, आणि घोळ तिथेच झाला.

आमची एक मैत्रीण. गटाची वही तीच लिहिते. जहाजाची सगळी माहिती तिनेच काढली, फोन तिनेच केले. तिच्या आधारकार्डावर सासरचं नाव, मतदार ओळखपत्रावर माहेरचं, आणि शाळेच्या दाखल्यावर तिसरंच, कारण लग्नात तिचं पहिलं नावसुद्धा बदललं होतं. आम्हा बायकांना हे नवीन नाही. तांदळात अंगठीने नाव लिहितात, सगळे टाळ्या वाजवतात, आणि कागद मात्र जुन्याच नावाने पेटीत राहतात. दाखल्यासाठी ती तीनदा गेली. दर वेळी एकच प्रश्न आला : या तिन्ही बाया एकच कशावरून? ती म्हणाली, "मी समोर उभी आहे ना!" पण कागदाला डोळे नसतात. मुदत निघून गेली.

तिचे 18,000 रुपये ठरावाप्रमाणे परत केले. ते मोजताना आमचे हात कापत होते. तिने मात्र स्वतःच वहीत नोंद केली आणि स्वतःच्या नावापुढे सही केली. आम्ही निघालो त्या रात्री ती फलाटावर आली. कळण्याच्या भाकरी, ठेचा, लसणाची चटणी. अकराजणींची दोन दिवसांची शिदोरी तिने एकटीने बांधली होती.

गाडी सुटली, जहाज लागलं

भुसावळहून एर्नाकुलमपर्यंत साधारण दोन रात्री आणि मधला एक दिवस जातो. कोकणात बोगदे सुरू झाले की मोबाइल बंद, गप्पा सुरू. तिसऱ्या दिवशी सकाळी केरळ.

बंदरावर विमानतळासारखी तपासणी होते. सामान यंत्रातून जातं, परवाना बघतात. आणि मग समोर जहाज. आम्ही ज्याला बोट म्हणत होतो, ती चार मजली इमारत निघाली. या मार्गावरच्या 'एम. व्ही. कवरत्ती' जहाजात 700 प्रवासी मावतात. चारजणींची एक खोली, खाली-वर पलंग, रेल्वेच्या डब्यासारखे. जेवायचा मोठा हॉल, डॉक्टर, आणि वर मोकळा डेक.

हे जहाज फक्त पर्यटकांचं नाही. बेटावरच्या लोकांची ती एसटी आहे. आमच्या बाजूला एक तरुणी तान्हं बाळ घेऊन बसली होती. मोडक्या हिंदीत बोलणं झालं. बाळंतपण अवघड होतं म्हणून महिनाभर आधी कोचीला येऊन राहिली होती, आता आईच्या घरी परतत होती. अगदी अडलेल्या पेशंटला हेलिकॉप्टरने कोचीला हलवतात, पण हवा खराब असली की तेही उडत नाही. आमच्यातली एक सातपुड्याच्या पायथ्याची. ती हळूच म्हणाली, "आमच्याकडे झोळी करून आणतात, यांच्याकडे जहाज. वाट बघणं तेच."

पूर्वी जहाजही नव्हतं. बेटांवरची माणसं 'ओडम' नावाच्या शिडाच्या लाकडी होड्यांतून नारळ, काथ्या घेऊन मंगळूर-कालिकतला जात आणि तांदूळ घेऊन परतत. वारा अनुकूल तरच होडी निघे. पावसाळ्याआधी परतला नाही, तर माणूस पाऊस संपेपर्यंत तिकडेच. घरी तोवर बायका. हे लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

जहाज लागतं म्हणजे काय?

घाटात एसटी लागते तसं जहाज लागतं. पहिल्या रात्री आमच्यातल्या सहाजणी आडव्या झाल्या. कारण साधं आहे. कानाच्या आत शरीराचा तोल सांभाळणारा भाग असतो. तो सांगतो, आपण हलतोय. डोळे खोलीतल्या भिंती बघतात आणि सांगतात, आपण स्थिर आहोत. दोघांचं जुळत नाही, मेंदू गोंधळतो आणि मळमळ होते.

यावर काय करावं? बंद खोलीत पडून राहण्यापेक्षा डेकवर यावं आणि लांब, जिथे आभाळ पाण्याला टेकतं तिथे बघावं, म्हणजे डोळ्यांनाही हलणं कळतं. जहाजाच्या मधल्या भागात सर्वांत कमी हलतं. पोट रिकामं ठेवू नये, तसंच तेलकटही खाऊ नये. कोरडी भाकरी, फुटाणे, आल्याचा तुकडा चालतो. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, त्रास सुरू होण्याआधी घ्यावी. बीपी, शुगरच्या गोळ्या चार दिवस जास्तीच्या बरोबर ठेवाव्यात आणि हातातल्या पिशवीत ठेवाव्यात. गरोदर बाई, हृदयाचा त्रास असलेली बाई हिने आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. पाळी येणार असेल तर कापड किंवा पॅड पुरेसे घ्या, आणि वापरलेले कागदात बांधून कचऱ्याच्या डब्यातच टाका, समुद्रात कधीच नाही.

दुसऱ्या रात्री सहांपैकी दोघीच आडव्या होत्या. शरीर शिकतं.

छोट्या बोटीत उतरताना

बेटांभोवतीचं पाणी उथळ असतं, म्हणून बहुतेक ठिकाणी मोठं जहाज खोल पाण्यात थांबतं आणि छोट्या बोटी येऊन माणसं नेतात. सबंध प्रवासात खरी भीती इथेच वाटते. जहाजाच्या कुशीतला दरवाजा उघडतो. खाली बोट लाटेबरोबर हातभर वर येते, हातभर खाली जाते. दोन माणसं जहाजात, दोन बोटीत. ते दंड धरतात आणि बोट वर आली की "आता!" म्हणतात. तेव्हाच पाऊल टाकायचं. आधी नाही, नंतर नाही. दोन्ही हात मोकळे हवेत, पर्स गळ्यात हवी, फोन पिशवीत हवा. लाइफ जॅकेटचे पट्टे बांधलेले हवेत, नुसतं गळ्यात अडकवलेलं जॅकेट पाण्यात वर निघून जातं.

आमच्या तरुण पोरी ड्रेस घालून होत्या, तरी बिचकल्या. नऊवारीचा कासोटा घातलेली आमची बासष्ट वर्षांची मावशी मात्र टुणकन उतरली. म्हणाली, "बैलगाडीत चालत्या गाडीतून चढत-उतरत आलेय मी."

बेट कसं तयार होतं आणि पाणी कुठून येतं?

ही बेटं म्हणजे डोंगर नाहीत, माती नाही. ती पोवळ्याची आहेत. पोवळं म्हणजे दगड नव्हे. समुद्रात एक बारीक जीव असतो. तो पाण्यातला चुना घेऊन स्वतःभोवती घर बांधतो. तो मरतो, घर उरतं, त्यावर दुसरा घर बांधतो. अशी हजारो वर्षं घरावर घर चढून समुद्रात विहिरीच्या कठड्यासारखं गोल कडं तयार होतं. त्या कड्यावर लाटा फुटतात. आत उथळ, शांत, हिरवंनिळं पाणी राहतं, त्याला लगून म्हणतात. कड्यावर साचलेल्या पोवळ्याच्या वाळूचं बेट बनतं. म्हणजे आम्ही ज्या पांढऱ्या वाळूवर चालत होतो, ती त्या जिवांची मोडलेली घरं होती.

समुद्र फार तापला की पोवळ्याच्या अंगात राहणारी बारीक शेवाळ निघून जाते. तिच्यावरच त्याचं पोट असतं. मग पोवळं पांढरं पडतं, आणि उष्णता टिकली तर मरतं. लक्षद्वीपला 1998, 2010, 2016 आणि 2024 साली असं झालं. पोवळं मेलं की कडं झिजतं, आणि कडं झिजलं की लाटा थेट बेटावर. मे महिन्यात आपल्याकडे केळीचे घड उन्हाने करपतात, तसंच तिकडे समुद्राच्या पोटात चाललं आहे.

पिण्याचं पाणी तर आमच्या डोक्यातच येत नव्हतं. चहूकडे खारं पाणी, नदी नाही, आणि तरी घराघरात विहीर! हाताने दोर टाकावा इतकी उथळ. त्याचं गुपित असं : पावसाचं पाणी वाळूतून मुरतं. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं. ताकावर लोणी तरंगावं तसं ते जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. पण मोटर लावून फार उपसलं, की खालचं खारं पाणी वर येतं आणि विहीर खराब होते. त्यामुळे तिथे पाणी जपूनच घ्यावं लागतं. आपल्याकडे बोअर खोल गेली की आपण अजून खोल जातो. त्यांना खोल जाण्याची सोयच नाही, खाली समुद्र आहे.

म्हणून कवरत्तीला 2005 साली समुद्राचं पाणी गोडं करण्याचा प्रकल्प सुरू झाला, दिवसाला एक लाख लिटरचा. चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने तो उभा केला. भाताच्या पातेल्यावरच्या झाकणाला आतून थेंब लागतात ना? तेच तत्त्व. वरच्या कोमट पाण्याची कमी दाबाखाली वाफ करायची, आणि समुद्राच्या खोलातून आणलेल्या गार पाण्याने ती वाफ पुन्हा थिजवायची. मीठ मागे राहतं.

घर आईचं

आता ज्यासाठी तुम्हाला थांबवून ठेवलं, ते ऐका. लक्षद्वीपचे जवळजवळ सगळे लोक मुसलमान आहेत. पण तिथलं कूळ आईकडून चालतं. आई, तिच्या मुली, मुलींची मुलं असं मोठं घराणं असतं, त्याला 'तरवाड' म्हणतात. जुन्या रीतीप्रमाणे लग्न झालं तरी मुलगी घर सोडत नाही. नवरा रात्री बायकोच्या घरी येतो आणि सकाळी आपल्या आईच्या घरी जातो. आता नवरा-बायको-मुलं असे वेगळे संसारही पुष्कळ आहेत, पण कूळ विचारलं की आईचंच सांगतात.

जहाजावर भेटलेली ती बाळंतीण म्हणूनच 'आईच्या घरी' चालली होती. ते माहेरपण नव्हतं. ते तिचं घरच.

त्यांच्या मालमत्तेची नावं तर आम्हाला फार आवडली. तरवाडाची सगळ्यांची मिळून जी मालमत्ता, ती 'शुक्रवारची'. ती आईच्या वंशात चालते. माणसाने स्वतः कमावलेली, ती 'सोमवारची'. तिची वाटणी धर्माच्या कायद्याने होते. दोन वारांत सगळा हिशेब!

मिनिकॉयचे पुरुष पिढ्यानपिढ्या मोठ्या जहाजांवर खलाशी म्हणून जगभर जातात. महिनोन्‌महिने घरी नसतात. ओडम होड्यांचं लक्षात आहे ना? पुरुष पाण्यावर आणि बाई जमिनीवर, अशी ही जुनी व्यवस्था आहे. तिथल्या गावांत पुरुषांचा एक प्रमुख असतो, तशी बायकांचीही एक प्रमुख बाई असते. गावची सामायिक कामं ती बायकांकडून करवून घेते. आमच्या गटाच्या अध्यक्ष ताईंनी ते ऐकून पदर सावरला.

पण सगळं सोन्याचं होतं असंही नाही. काथ्याचं काम बायकांचं. नारळाची सोडणं महिनोन्‌महिने खाऱ्या पाण्यात कुजवायची, मोगरीने बडवायची, हाताने वळून दोर करायचा. हात फाटून जायचे. जुन्या काळी हा काथ्या राज्यकर्त्यालाच विकावा लागे, भाव तो ठरवी आणि बदल्यात तांदूळ देई. आपल्याला हे समजवून सांगायला नको. केळीचा भाव कोण ठरवतं, हे आपल्याला ठाऊक आहे.

कल्पेनी बेटाबद्दल तिथे अभिमानाने सांगतात, की मुलींनी शिकणं चुकीचं मानत त्या काळात पहिल्यांदा याच बेटावरच्या मुली शाळेत गेल्या. आज तिथे बनियन शिवण्याचा कारखाना आहे. त्यातल्या बायकांशी आम्ही खुणांनी बोललो. शिलाई मशीनला भाषा लागत नाही.

आमची एक चूक

कल्पेनीच्या किनाऱ्यावर आमच्यातल्या एकीने नातवासाठी पोवळ्याचे चार तुकडे आणि एक शंख पदरात बांधला. बरोबरच्या वाटाड्याने बघितलं आणि नम्रपणे परत ठेवायला सांगितलं. पोवळ्याला 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, वाघाला असतं तसं. मेलेला तुकडाही नेता येत नाही. तो तुकडा म्हणजे उद्याची वाळू, आणि वाळू म्हणजे बेट. ती फार शरमली. आम्हीही शरमलो, कारण ही गोष्ट आधी वाचून सगळ्यांना सांगणं आमचं काम होतं.

आणखी काही लक्षात ठेवा. आम्ही गेलो त्या बेटांवर दारूबंदी आहे. गावात फिरताना अंगभर कपडे घालावेत. विचारल्याशिवाय बायकांचे फोटो काढू नयेत. माळकरी असाल तर आधीच शाकाहाराची नोंद करा. तिथलं मुख्य अन्न मासा आणि नारळ. ट्यूना मासा उकडून, धुरी देऊन, वाळवून लाकडासारखा कडक करतात आणि वर्षभर पुरवतात. आपल्या कुरडया-बिबड्यांसारखंच ते त्यांचं वाळवण.

परत आल्यावर

नऊ-दहा दिवस आम्ही घराबाहेर होतो. जाण्याआधी सगळ्यांत जास्त बोलणं समुद्राचं नव्हतं, घराचं होतं. म्हशीचं कोण करेल, सासूच्या गोळ्या कोण देईल, पोरांचा डबा? आम्ही प्रत्येकीने भिंतीवर कागद लावून गेलो होतो, कुठल्या दिवशी काय नि कुणी करायचं. दोघींच्या घरी दूध नासलं, एकीच्या घरी रोज खिचडीच झाली. याहून मोठं काही घडलं नाही. घर चाललं.

आल्या-आल्या पहिल्या बैठकीत फोटो दाखवले नाहीत. सगळ्याजणींनी आपापले कागद आणले. आधार, पॅन, मतदार कार्ड, बँकेचं पुस्तक, रेशनकार्ड, असेल त्या घरचा सातबारा. एकमेकींचे वाचले. बाराजणींपैकी सातजणींच्या कागदांवर नावात कुठे ना कुठे फरक होता. म्हणजे आम्ही अकराजणी हुशारीने नाही, नशिबाने गेलो होतो.

जहाज चुकलं तर पुढच्या वर्षी जाता येतं. पण हाच फरक विम्याच्या वेळी, पेन्शनच्या वेळी, वारस लावताना आडवा येतो, तेव्हा पुढचं वर्ष मिळत नाही. म्हणून सांगतो. लग्नाची नोंदणी झाली नसेल तर आधी ती करा. विवाह नोंदणीच्या दाखल्यावर आधारमधलं नाव बदलता येतं. पहिलं नावच बदललं असेल तर राज्याच्या राजपत्रात नावबदल छापून घ्यावा लागतो. मग एकेक करून बाकीचे कागद त्या एका नावावर आणा. आणि पोरीचं लग्न ठरलं की तांदळात नाव लिहिण्याआधी तिला विचारा, कुठलं नाव ठेवायचं. आपल्या राज्यात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव लावणं सक्तीचं आहे. म्हणजे आईचं नाव आता नातवंडांच्या कागदावरही जाणार. ते एकच असलेलं बरं.

आमच्या मैत्रिणीचं राजपत्राचं काम झालं आहे. सहलीची पेटी आम्ही पुन्हा सुरू केली. पहिली पावती तिच्या नावाने फाडली, पूर्ण नावाने. लिहिली अर्थात तिनेच.

गटात बोलण्यासाठी :

1. तुमच्या सगळ्या कागदांवर तुमचं नाव एकसारखं आहे का? पुढच्या बैठकीत सगळ्याजणी कागद आणा आणि एकमेकींचे वाचा.

2. तुमच्या घरातली 'शुक्रवारची' मालमत्ता कुठली आणि 'सोमवारची' कुठली? त्यांपैकी कशावर तुमचं नाव आहे?

3. पाच दिवस तुम्ही घरी नसाल तर कुठलं काम खरोखर अडेल? कुठलं दुसरं कुणी करू शकेल?

4. गटाच्या सहलीची वेगळी पेटी ठेवायची असेल, तर तुमचे तीन नियम कुठले असतील?

तुमची उत्तरं आम्हाला कळवा, पुढच्या वेळी ती रेडिओवर वाचू. आणि मंगला फलाटावर आली की पाटीकडे एकदा बघा. तोवर, राम राम.